जुनी इम्पल्स पुन्हा चिखलात उतरवताना

राधानगरी रस्त्यालगतच्या एका गोठ्यात, कडबाकुट्टीच्या मशीनमागे माझी हीरो इम्पल्स मोटरसायकल चार पावसाळे उभी होती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी पिंजराचं (वाळल्या गवताचं) घर केलं होतं, चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती आणि टाकीचं झाकण उघडल्यावर जुन्या वार्निशसारखा वास आला. तरीही मी ती घेतली, कारण चासीवर कुठेही वेल्डिंगची खूण नव्हती आणि मालकाच्या कपाटात आरसी सुखरूप होती. बाकी सगळं मिळतं किंवा करून घेता येतं. या दोन गोष्टी नसतील तर गाडी कितीही आवडली तरी घेऊ नका.

आजवर प्लग बदलण्यापलीकडे हात काळे केले नाहीत, पण एखादी जुनी गाडी पुन्हा घाटातल्या कच्च्या वाटेवर न्यायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. गाडी इम्पल्सच धरली आहे, कारण पहिल्या कामाला हिच्यासारखी गाडी नाही. हीरो आणि होंडा वेगळे झाल्यावर २०११ मध्ये हीरोने ती बाजारात आणली. ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या होंडा एनएक्सआर १५० ब्रॉसवर ती बेतलेली होती. पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची आऱ्यांची चाकं, २४५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, वजन १३४ किलो. गिऱ्हाईक फार मिळालं नाही आणि काही वर्षांत ती बंद झाली. २०१९ मध्ये हीरोचीच, याच धाटणीची एक्सपल्स २०० आली तेव्हा लोकांना जुन्या इम्पल्सची पुन्हा आठवण झाली.

घेताना इंजिनाकडे शेवटी बघा

नवशिका गाडी बघायला गेला की पहिल्यांदा किक मारतो आणि आवाज ऐकतो. इम्पल्सच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. तिचं १४९.२ सीसीचं इंजिन हंक, सीबीझेड एक्स्ट्रीम, अचीव्हर यांच्याच घराण्यातलं आहे आणि त्या गाड्या गावोगाव खपल्या. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, व्हॉल्व्ह, पॅकिंग यांसाठी अडून राहावं लागत नाही. अडतं ते फक्त इम्पल्सलाच असलेल्या वस्तूंपाशी: टाकी, टाकीच्या बाजूची प्लास्टिकं, हेडलाइटचा मुखवटा, सीट, मागचा मोनोशॉक (एकच मधला शॉकअप), मीटर. इंजिन जाम पण प्लास्टिक शाबूत अशी गाडी आणि इंजिन टकाटक पण टाकी चेपलेली आणि पॅनल गायब अशी गाडी समोर असतील, तर मी डोळे झाकून पहिली घेईन.

चासी बघताना स्टिअरिंगच्या नळीखालचा भाग, फूटरेस्टच्या वरचे जोड आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बसतो ती जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या. रंगाला केसासारखी भेग दिसली तर नख फिरवून पाहा, नख अडकलं तर पुढे जाऊ नका. मग गाडी इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन उचला आणि मागचं चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर स्विंगआर्मचे बुश गेलेत. हे दुरुस्त होतं, फक्त किमतीत धरा. तसंच पुढचं चाक उचलून हॅन्डल सावकाश फिरवा. सरळ जागी येताच हॅन्डल खाचेत बसल्यासारखं थांबलं तर कोनसेट (हॅन्डलची बेअरिंग) बदलायचा आहे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः डोळ्यांनी वाचून आरसीशी जुळवा. नंबर घासलेला किंवा इंजिन दुसऱ्याच गाडीचं असेल तर तिथूनच परत फिरा. परिवहनच्या ॲपवर कर्जाचा बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत दिसते. बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०११ च्या गाड्यांची मुदत २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) न्यावी लागते आणि ते ५ वर्षांसाठी मिळतं. मुदत संपत आलेली गाडी घेतली तर आधी पासिंगपुरती चालू करा आणि मग निवांत खोला. खोलून पसरलेली गाडी आरटीओत नेता येत नाही, आणि मुदत टळली की दंड वाढत जातो.

खोलणं

घाई इथेच नडते. पहिला नट सैल करण्याआधी फोनवर किमान शंभर फोटो काढा. वायरिंग कुठून कुठे जाते, क्लचची केबल हॅन्डलच्या कुठल्या बाजूने वळते, प्रत्येक बोल्टमागे वॉशर आहे की नाही, हे सगळं त्यात यायला हवं. मग जाड पुठ्ठ्यावर गाडीची दोन्ही बाजूंची ढोबळ आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी पिळला की ॲल्युमिनियमचे आटे निघतात किंवा आतला भाग फुटतो.

इम्पल्समध्ये सर्वांत हट्टी निघतो स्विंगआर्मचा लांब बोल्ट. आपल्या भागातली तांबडी माती पाण्याबरोबर बुशमध्ये शिरते, तिथेच सुकते आणि बोल्ट आणि बुश एकजीव होऊन बसतात. माझ्या गाडीचा बोल्ट निघायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी दोन्ही टोकांना डिझेल सोडलं. दुसऱ्या दिवशी नट काढून टोकावर तांब्याचा तुकडा धरून हलके ठोके मारले आणि पुन्हा डिझेल सोडलं. तिसऱ्या दिवशी पाना लावून बोल्ट आधी जागच्या जागी फिरवला. फिरला तेव्हा कुरकुर आवाज करत तपकिरी भुकटी बाहेर आली, आणि त्यानंतर तो बोटभर सरकला. बोल्ट आधी फिरवायचा आणि मग ठोकायचा, हा क्रम लक्षात ठेवा. सरळ घणाने ठोकला की टोक फुगतं आणि मग तो कापल्याशिवाय निघत नाही.

निघालेली कुठलीही वस्तू फेकू नका. तुटलेली, झिजलेली, गंजलेली असली तरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी लावा आणि एका पेटीत ठेवा. नवा भाग आणताना दुकानदाराला दाखवायचा नमुना तोच, आणि चुकीचा भाग हाती आला तर ते समजतंही त्याच्यामुळेच.

भागाचा नंबर वाचायला शिका

सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही. त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

हीरोच्या भागांना आजही होंडाच्या काळातली नंबरांची पद्धत आहे. नंबराचे तीन तुकडे असतात. पहिले पाच अंक ती वस्तू काय आहे ते सांगतात, मधली तीन अक्षरं किंवा अंक ती मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनली ते सांगतात, आणि शेवटचा तुकडा तिचा प्रकार, सुधारणा किंवा रंग. १३१०१ म्हणजे पिस्टन, १३०११ म्हणजे रिंगांचा संच, १२२५१ म्हणजे हेडचं पॅकिंग, १२१९१ म्हणजे सिलिंडरखालचं पॅकिंग, १७२११ म्हणजे एअर फिल्टरची जाळी, २२२०१ म्हणजे क्लचची घर्षण प्लेट. पिस्टनच्या नंबरातच साइजही कळते: १३१०१ स्टँडर्ड, १३१०२ पाव मिलिमीटर मोठा, १३१०३ अर्धा मिलिमीटर मोठा.

आता याचा उपयोग पाहा. इम्पल्सची पार्ट्स कॅटलॉग मिळवा. डीलरच्या स्पेअर काउंटरवर ती संगणकात असते आणि गर्दी नसताना गेलं की दाखवतात. हवा असलेला नंबर वहीत उतरवा. मग हंकच्या कॅटलॉगमधला तोच भाग काढा. पहिले पाच अंक जुळणारच. मधली तीन अक्षरंही जुळली आणि शेवटचा तुकडाही, तर वस्तू एकच आहे आणि हंकचा माल ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात ती मिळेल. मधली अक्षरं वेगळी असतील तर थांबा. ती वस्तू बसेलही कदाचित, पण माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन एकाच घराण्यातलं असलं तरी इम्पल्स खालच्या गतीत ओढावी म्हणून वेगळी लावलेली आहे, त्यामुळे कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) आणि इग्निशनचा डबा हंकचा घालून मोकळं होऊ नका.

दुकानात जाताना "इम्पल्सचा क्लच आहे का?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी "नाही, ती गाडी बंद झाली" असंच ऐकायला मिळतं. त्याच माणसाला नंबर दिला की तो फळीवरून डबा काढून देतो. हा अनुभव मला इतक्या वेळा आला की आता मी गाडीचं नावच घेत नाही.

कुठे काय शोधायचं

पुण्यात नाना पेठ. तिथे दुचाकीच्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, आणि एका दुकानात नसलेला भाग तोच दुकानदार पोऱ्याला पाठवून दुसरीकडून आणून देतो. जाताना यादी नंबरासकट छापून न्या, शनिवारची संध्याकाळ टाळा, आणि नमुन्यांची पेटी बरोबर ठेवा. मुंबईत कुर्ल्याला जुने भाग मिळतात. त्याहून लांब जायची तयारी असेल तर दिल्लीचं करोल बाग आणि चेन्नईचं पुदुपेट्टै ही दुचाकीवाल्यांची मोठी ठिकाणं आहेत, पण खास इम्पल्सच्या प्लास्टिकसाठी केवळ तेवढ्यासाठी प्रवास करू नका, आधी ओळखीतून फोटो मागवा.

जुन्या बाजारात इंजिनाचा खालचा डबा, म्हणजे ज्यावर नंबर ठोकलेला असतो तो, बिलाशिवाय घेऊ नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर तुमची चांगली गाडीही ठाण्यात जाऊन बसते.

डुप्लिकेट भागांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंजिनाच्या आत, ब्रेकमध्ये आणि बेअरिंगमध्ये डुप्लिकेट नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून नावाजलेल्या कंपनीचं बेअरिंग औद्योगिक मालाच्या दुकानातून घ्या, ते खात्रीचं मिळतं आणि बरेचदा स्वस्तही पडतं. ऑइल सीलचंही तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं त्यावर लिहिलेली असतात. इंडिकेटर, आरसे, ग्रिप, लिव्हर, मडगार्डचे बुश यांत बाहेरचा माल चालतो. प्लास्टिकच्या बाबतीत मी एकदा फसलो. ऑनलाइन "ओरिजिनल" म्हणून घेतलेला हेडलाइटचा मुखवटा दिसायला तंतोतंत होता, पण बोल्ट बसतात ते खालचे दोन कान चार मिलिमीटर वर होते. पिळून बसवला आणि पहिल्याच खडबडीत वाटेवर तो कानातून फाटला. शेवटी जुनाच, तुटलेला मुखवटा पेटीतून काढला, आतल्या बाजूने बारीक तांब्याची जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बसवली आणि वरून घासून रंग दिला. तो अजून टिकून आहे.

टायर-ट्यूबचं एक गुपित आहे. पुढचं टायर ९०/९०-१९ मापाचं. हेच माप रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला पुढे होतं, त्यामुळे १९ ची ट्यूब बुलेटवाल्यांकडे हमखास मिळते. मागचं ११०/९०-१७.

इंजिन: आधी माप, मग खर्च

गाडी चालू अवस्थेत असेल तर धूर बघून अर्धं निदान होतं. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते हेड उतरवून होतं. रेस दिली की निळा धूर सतत येत राहिला तर रिंगा किंवा सिलिंडर. जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवू नका. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, दोन दिवस ठेवा आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून अलगद पुढेमागे करा. ज्या बाजूने तो पाना लागतो ती आपल्या गाडीवर बघूनच ठरवा.

सिलिंडर निघाला की तो घेऊन लेथवाल्याकडे जा. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे म्हणून माझं भाग्य. तिथे एका शेडमध्ये बोअर करणारे, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणारे काका आहेत. त्यांनी आधी सिलिंडर रॉकेलने धुतला, पुसला आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवला, कारण गरम धातूचं माप खोटं येतं. मग बोअर गेज आत घालून वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतलं. गेजचा काटा वरच्या भागात हलला, खाली हलला नाही. "वर रिंगांनी खाल्लाय, धूळ गेलेली दिसते," ते म्हणाले. हे एअर फिल्टरमधल्या पिंजराशी जुळत होतं. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ५७.३ मिलिमीटर. झीज थोडी असेल तर पाव मिलिमीटर मोठ्या पिस्टनवर काम निघतं.

इथे एक नियम पाळा: पिस्टन आधी विकत घ्या, बोअर नंतर मारा. बोअर करणाऱ्याला पिस्टन हातात लागतो. तो पिस्टनच्या स्कर्टचं (खालच्या भागाचं) माप घेऊन सिलिंडर कापतो आणि वर होनिंग (बारीक घासणी) करतो. डब्यावरच्या आकड्याच्या भरवशावर कापून घेतलेलं सिलिंडर एक तर घट्ट होतं नाही तर सैल. नव्या रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सोडा, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि तोंडाची फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. सर्व्हिसच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर इंजिन तापल्यावर तोंडं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

हेड खोललंच आहे तर व्हॉल्व्ह सील, टायमिंग चेन आणि तिचा ताणणारा तपासून घ्या. एवढं खोलून शंभर-दोनशे रुपयांचा सील तसाच सोडणं परवडत नाही. झाकणं बंद करताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा, उसना आणा पण वापरा.

कार्ब्युरेटर उभ्या गाडीत चिकट होतो. स्लो जेटचं छिद्र इतकं बारीक असतं की तार घातली तर ते मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढ्यावरच साफ करा. वरच्या टोपीखालचा रबरी डायफ्राम उजेडासमोर धरून ताणून बघा, टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी वरच्या गतीत गुदमरते. डायफ्रामला क्लीनर लागू देऊ नका, रबर फुगतं.

चाकं, शॉकअप, वायरिंग

कच्च्या वाटेवरच्या गाडीत आरे नुसते चकाकून चालत नाहीत. प्रत्येक आऱ्यावर पान्याने टिचकी मारा. ताणलेला खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द. रिम बाजूला किंवा वरखाली २ मिलिमीटरपेक्षा जास्त नाचत असेल तर आऊट काढून, म्हणजे आरे ताणून रिम सरळ करून घ्या. हे काम जुन्या सायकलवाल्यांकडे आणि बुलेटच्या कारागिरांकडे उत्तम होतं. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सील महिनाभरात फाटतात, म्हणून आधी नळी. शॉकअपच्या दोन्ही पायांत ऑइल सारख्याच मापाने घाला, हे मापाच्या पेल्याने करा, अंदाजाने नाही. पुढच्या डिस्कचं ब्रेक फ्लुइड रंग खातं, टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

वायरिंग उंदरांनी कुरतडलं असेल तर चिकटपट्टी मारून भागवू नका. पाण्यातून जाणारी गाडी आहे. तुटलेली वायर त्याच जाडीच्या वायरने झाळून जोडा आणि तापवून आवळणारी नळी चढवा.

रंगाबद्दल इतकंच: चासीला पावडर कोटिंग करा, पण त्याआधी स्टिअरिंगच्या वाट्या, आटे आणि चासी नंबरची जागा झाकून घ्या. नंबर कोटिंगखाली बुजला तर पासिंगला अडचण येते. गाडीचा मूळ रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. चाकाचं माप किंवा इंजिन यांसारखे मोठे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात, त्यामुळे एक्सपल्सचं २१ इंची चाक बसवण्याचा मोह मी तरी आवरला.

पहिले हजार किलोमीटर

जोडून झाल्यावर टाकीत आधी अर्धा लिटरच पेट्रोल घाला आणि सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून गळती बघा. इंजिनात १०डब्ल्यू-३० ऑइल. पहिल्यांदा चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा चालू करा. असं तीनदा. नव्या बोअरची गाडी एकाच गतीवर तासभर दामटू नका, गती कमी-जास्त करत चालवा आणि चढावर वरच्या गिअरमध्ये ओढायला लावू नका. ३०० किलोमीटरवर पहिलं ऑइल काढा. बोटावर घेऊन उन्हात धरलंत तर त्यात चांदीसारखी बारीक चमक दिसेल, पहिल्या वेळी ती असतेच. दुसऱ्या बदलीलाही तितकीच दिसली तर पुन्हा खोलावं लागेल.

शंभर किलोमीटर झाले की आरे पुन्हा वाजवून बघा, नवे आरे बसताना सैल होतातच. गाडीवर माणूस बसवून चेनची ढिलाई तपासा, कारण लांब शॉकअपमुळे उभ्या गाडीत योग्य वाटणारी चेन वजन पडलं की ताठ होते. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, स्विंगआर्मचा नट, हॅन्डलचे क्लॅम्प यांवर रंगाच्या मार्करने एक रेघ नट आणि चासी अशी दोन्हीकडे ओढून ठेवा. रेघ तुटली की नट सरकला, हे लांबूनच दिसतं.

हजार किलोमीटर पार पडले, गगनबावड्याच्या पावसात एकदा भिजून निघाली आणि काही सुटलं नाही, की मग जुन्या भागांची पेटी उघडा. झिजलेल्या प्लेटा, रिंगा, बेअरिंग भंगारात द्या. प्लास्टिकचे तुकडे, कान तुटलेली पॅनल, मीटरची काच आणि जुना मोनोशॉक मात्र तसेच ठेवा, ते बाजारात पुन्हा मिळायचे नाहीत.